साजाटोल्याचा जवाई

"हरवलेल्या माणसाचं नाव सांगा," जमादार म्हणाला.

"नाव नाही घेत जी."

"काहून?"

"जवाई होय तो. जवायाले कोणी नावानं बोलावते का?"

जमादारानं पेन खाली ठेवला. डोंगरवार त्याचं आडनाव. छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं, ते समिंदरेनं अक्षर लावत लावत मले वाचून दाखवलं. समिंदरा माझ्या शेजारी उभी होती. बाहेर व्हरांड्यात आमच्या साजाटोल्याच्या चाळीस बाया बसल्या होत्या. मी सगळ्यांले चाळीस सांगते. होत्या अकरा.

"बरं, वय?"

"एकशे चाळीस असन. दोन-चार इकडे-तिकडे."

"उंची?"

"बावीस हात. त्यातले आठ हात मातीत."

"बाई..."

"लिहा ना जी. रंग काळा, पाण्यात राहून राहून झाला. कमरेले करदोडा. धोतर मागच्या अखाडीले, आषाढाच्या सणाले, नेसवलं होतं, ते आता फाटलं असन."

"शेवटचं कुठं पाहिलं?"

"बोडीत. मधोमध उभा होता."

"किती वेळचा उभा होता?"

"सांगितलं ना, एकशे चाळीस वर्षांचा!"

जमादारानं माठाकडे बोट दाखवलं. "पाणी प्या, सावलीत बसा, अन् घरी जा. चैताचं ऊन डोक्यात जाते माणसाच्या."

समिंदरेनं मले चिमटा काढला. येताना वाटेत तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं, पिंपळाखाली थांबवून. "फुलवंते, आज एक दिवस खरं बोल. पोलीस ठाणं होय. तुही एक थाप निघाली त मी उलट्या पावली घरी जाईन." गावात माझं नावच होतं तसं. मी एकदा सांगितलं होतं की आमच्या बोडीतल्या मरळ माशानं म्हशीचं रेडकू गिळलं अन् आठ दिवसांनी परत आणून दिलं, धुऊन-पुसून. लहान पोट्टे सोडा, मोठी माणसंही ऐकत बसायची. पण त्या दिवशी, देवाशपथ, मी तोंडातून खऱ्याशिवाय काही काढलं नव्हतं. अन् ऊन म्हणे डोक्यात गेलं!

माझी अशी तळपायाची आग मस्तकाले गेली. मी जमादारापुढच्या बाकावर फतकल मारून बसली.

"ऐका जमादार साहेब. पहिले ऐका, मग हसा."

आमच्या गावाले बोडी आहे. तुमी तिले तलाव म्हणान, तळं म्हणान, आमी बोडी म्हणतो. जुन्या मालगुजारानं, म्हणजे गावच्या जमीनदारानं, मातीची पाळ घालून बांधली. पाणी भरलं, पण गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, हे पाणी देवाले चालत नाही. काहून? त बोडी कुंवारी आहे. पोरीचं लग्न लावल्याशिवाय तिच्या हातचं पाणी कोण घेते? मग मालगुजारानं जंगलातून बिजाचं झाड तोडून आणलं, पाण्यात सडत नाही ते. सरळसोट, बैलांच्या बारा जोड्या लागल्या. त्याले हळद लावली, बाशिंग बांधलं, वाजतगाजत आणून बोडीच्या मधोमध गाडलं. लग्न लागलं. बोडी गावाची लेक, अन् तो खांब गावाचा जवाई.

"आमच्या मायच्या गावीही होता असा खांब," जमादार हळूच म्हणाला. मग त्याले वाटलं आपण ठाण्यात आहो. त्यानं टोपी सरळ केली. "बरं, मग? लाकडाची चोरी लिहू का?"

"लाकूड?" मी उभी झाली. "तुमच्या सासरी तुमाले काय म्हणतात जी? लाकूड म्हणतात?"

बाहेरून बाया हसल्या. दारातला शिपाई भिंतीकडे तोंड करून खांदे हालवू लागला.

"लाकूड असतं त आमी अकरा जणी सकाळची पेज टाकून दोन कोस आलो असतो का? त्याच्या कमरेले करदोडा कोरला होता साहेब. चार बोटं रुंद, गोल. पाणी उतरत उतरत त्या करदोड्याले लागलं की बोडीचं तुडूम बंद. तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दार. मग कोणाचं धान वाळो, कोणाची भाजी वाळो. त्याच्या खालचं पाणी गुराढोरांचं, विहिरींच्या झऱ्यांचं, अन् माशांच्या बियाण्याचं. काहून? त सासरच्या माणसानं जवायाची कंबर उघडी पाडायची नसते. शरमेची गोष्ट होय ती. दुष्काळात मालगुजाराचा नातू स्वतः तुडूम उघडायले आला होता, बंदूकवाले दोघं घेऊन. माझी सासू पाळीवर उभी राहून एवढंच म्हणाली, मालक, जवायाची कंबर दिसन. तो परत गेला."

"बंदूकवाले खरंच होते का?" समिंदरा कुजबुजली.

"एक होता," मी म्हटलं. "काठीवाला."

माझे घरचे, म्हणजे माझा नवरा, त्या बोडीचे पाणकर. तुडूम उघडायचं अन् बंद करायचं काम त्यांचं, त्यांच्या बापाचं, आज्याचं. आमी ढिवर लोक, पाण्यातच जन्म गेला. अखाडीले जवायाले धोतर नेसवायले तेच पोहत जायचे. माणूस मोठा अबोल. मी दिवसभर बोलायची अन् ते दिवसभर ऐकायचे, असा आमचा संसार.

"हरवला कधी?" जमादारानं आता पेन उचलला होता.

"काल. काल गुरुवार, बाजाराचा दिवस. सगळं गाव बाजारात. आमचे घरचे लेकीच्या गावी. आमी टोपल्या घेऊन दुपारी परत आलो त पाळीवरून बोडी अशी भुंडी दिसली. गाळ काढायचं मोठं मशीन आलं आहे गावात आठ दिवसांपासून. त्यानं एका बाजूनं माती टाकत मधोमध वाट केली, अन् खाली दहा हात खड्डा करून जवायाले उपटून नेलं. पाणी करदोड्याले नुकतं लागलं होतं, साहेब. आता कुठं लागलं अन् कुठं नाही, सांगाले कोणी नाही उरलं."

"मशीन कोणी आणलं?"

मी पदर सारखा केला. समिंदरेनं परत चिमटा काढला.

"सरपंचानं," मी म्हटलं. "मुरलीधर वलथरे."

"तुमचं आडनाव काय लिहिलं मी?" जमादारानं वहीत पाहिलं. "फुलवंता वलथरे."

"माझ्या दिराचा मुलगा होय. मले मोठीमाय म्हणते. लिहा. जवायापुढं पुतण्या मोठा नाही."

तो शब्द माझ्या तोंडून निघाला अन् बाहेरच्या बायांनी "अग्गो माय" केलं. मले तेव्हा मोठं बरं वाटलं. पुढं काय वाढून ठेवलं होतं ते ठाऊक असतं, त मी त्या माठातलं पाणी पिऊन सरळ घरी आली असती.

जमादारानं शिपायाले सरपंचाले बोलवायले पाठवलं अन् स्वतः फोन फिरवला. तालुक्यात लाकूड कापायच्या आरामशीन दोनच. दुसऱ्या ठिकाणी पत्ता लागला.

"काळा लांब खांब? काल संध्याकाळी आला? ... काय म्हणता? ... बरं बरं, कापू नका." फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "चार तुकडे झाले आहेत, बाई. बिजाचं लाकूड, आतून लालबुंद म्हणते. आरीचे दात गेले."

बाहेर कोणीतरी हंबरडा फोडला. ती कचरूची सून होती, लग्न होऊन सहा महिने झालेली. तिनं जवाई धड पाहिलाही नसन. पण रडं लागलं की लागलं, अकराच्या अकरा जणी लागल्या. गावातून मयत निघाल्यासारखं ठाणं दणाणलं. जमादार बाहेर जाऊन सांगू लागला, "अहो बाया, गप व्हा, साहेब येतीन," तसा आवाज वाढला. मी नाही रडली. 

मुरली मोटारसायकलवर आला. पांढरे कपडे, डोळ्यांवर काळा चष्मा, पण चपलेले बोडीचा ओला गाळ. हातात कापडी पिशवी. बायांमधून वाट काढत आत आला अन् मले पाहून म्हणाला,

"मोठीमाय, घरचं भांडण ठाण्यात आणते काय?"

"घरचं? बाहेर अकरा घरं बसली आहेत. मोज."

"अवं, खांब मशीनले आडवा येत होता. सडला होता तो."

"सडला होता?" जमादार म्हणाला. "सडलेल्या लाकडानं आरीचे दात कसे पडले, सरपंच?"

मुरलीनं चष्मा काढला. "गाळ काढायचा त मधातलं काढाच लागते ना साहेब. वरून आदेश आहे गाळाचा."

"आदेशात जवायाचं नाव होतं का?" मी विचारलं.

"तू जवाई जवाई करू नको. या जमान्यात तळ्याचं लग्न! पेपरात आलं त लोक हसतीन आपल्यावर."

"हसू दे. पाणी मागायले पेपरवाले येत नाहीत."

जमादारानं हात वर केला. "खांब मशीनच्या आड आला, मानलं. पण या बाया म्हणतात, तिथी दहा हात खोल खड्डा केला आहे. बाकी बोडीचा गाळ जिथल्या तिथी आहे. एकाच जागी दहा हात काहून खोदलं?"

मुरलीनं चष्मा खिशात घातला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की जसं काही उत्तर माझ्याकडे आहे.

"साहेब, मी मोठीमायशी जरा बाजूले बोलू का?"

"इथीच बोल," मी म्हटलं. "चोरानं कानात बोलायचं नसते."

"मोठीमाय, ऐक माझं. बाहेर चाल."

"मी नाही येत. सांग इथी, सगळ्यांपुढं सांग. समिंदरे, बोलाव वं त्या बायांले खिडकीशी. ऐकू द्या सगळ्यांले, सरपंचानं गावाच्या लेकीले रांडाव काहून केलं ते!"

बायांनी खिडकी भरून टाकली. मुरलीचं तोंड लाल झालं. त्यानं पिशवी जमादाराच्या टेबलावर उपडी केली.

एक काळी पडलेली नारळाची करटी. दोन-तीन हळकुंडं, दगडासारखी झालेली. एक चपटा गोटा, ताटलीएवढा.

"एवढंच निघालं," तो म्हणाला. "दहा हात खोदून एवढंच निघालं. आता सांग, बाकीचं कुठं आहे?"

"बाकीचं काय?"

"पाटल्या," मुरली म्हणाला. "गोट. एकदाणी. पुतळ्यांची माळ."

खिडकीतल्या बायांनी गजांले डोकी लावली. 

अन् मले सगळं आठवलं.

मुरली सहा वर्षांचा होता, तेव्हा त्याची माय गेली. तापानं, दोन दिवसांत. पोट्ट्यानं अन्न सोडलं. पहिल्या दिवशी आमी म्हटलं, खाईन उद्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या आजीनं तोंडात बळजबरीनं पेज ओतली, त्यानं थुंकली. तिसऱ्या दिवशी त्याचे ओठ पांढरे पडले. माझे दीर दारूत. मी भाताचं ताट घेतलं, पोट्ट्याले काखेत मारलं अन् पाळीवर जाऊन बसली. समोर जवाई उभा. मी म्हटलं, मुरल्या, त्या जवायाच्या पायाखाली काय आहे, ठाऊक आहे का? त्यानं मान हालवली नाही. मी म्हटलं, बोडीच्या लग्नात मालगुजारीण नवरीची माय झाली होती. तिनं लेकीले काय द्यायचं म्हणून अंगावरचं एकेक काढलं, अन् खड्ड्यात टाकलं. पहिले काय काढलं असन? पोट्टं बोललं नाही, पण माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पाटल्या! अन् घास पुढं केला. हा घास पाटल्यांचा. त्यानं तोंड उघडलं.

मग एक घास गोटांचा. एक एकदाणीचा. एक घास पुतळ्यांच्या माळेचा, तो मोठा होता, दोनदा खाल्ला. नथीचा घास लहान. ताट संपेपर्यंत मी त्या मालगुजारीणीच्या अंगावर इतकं सोनं चढवलं की बाई जिवंत असती त चालता आलं नसतं. वरून एक नाग बसवला राखण करायले, फणा सुपाएवढा. रोज संध्याकाळी पाळीवर जायचो आमी. रोज सोनं वाढायचं. महिनाभरात पोट्टं सुधारलं.

मग मी विसरली. मले हजार थापा आठवतात, हीच एक विसरली होती.

"बाई," जमादार म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "हे काय म्हणते? सोनं होतं का तिथी?"

"नव्हतं."

"तूच सांगितलं होतं!" मुरली ओरडला. सहा फुटाचा माणूस, सरपंच, अन् आवाज असा फाटला. "रोज सांगत होती तू! एकेक दागिना मोजून सांगत होती!"

"तू जेवत नव्हता रे! तुले खाऊ घालायले सांगत होती! माझ्या मनचं होतं सगळं. जवायाच्या पायाखाली नारळ अन् हळद अन् त्याच्या बुडाखालचा बसकणीचा गोटा असते, आमच्या घरच्यांनी शंभरदा सांगितलं. हेच असते. हे काय, निघालं ना!"

"म्हणजे तेव्हा खोटं बोलली?"

"हो."

"का आता बोलते?"

 तो रागात नव्हता. तो खरंच विचारत होता.

"तू काढून घेतलं," तो हळू म्हणाला. "मोठेबाबा पाणकर. पाण्यात बुडी मारायले आख्ख्या गावात त्यांच्यासारखा कोणी नाही. दरवर्षी धोतर नेसवायच्या निमित्तानं जातात."

साठीतला माझा नवरा! ज्यानं आयुष्यात दुसऱ्याच्या जाळ्यातली झिंगी उचलली नाही! मी हात उगारला. जमादार मधात आला, नाहीत त त्या सरपंचाच्या थोबाडावर माझ्या बांगड्यांचा वळ आज दिसला असता.

"समिंदरे, तू सांग!" मी म्हटलं. "तू सांग याले. आज सकाळपासून मी एक तरी थाप मारली का?"

समिंदरा, जिच्या बाळंतपणात मी रात्रंदिवस बसली, जिनं मले पिंपळाखाली खरं बोलायची शपथ घातली, ती समिंदरा पदराचं टोक बोटाले गुंडाळत होती.

"फुलवंते," ती म्हणाली, "जवाई त गेलाच आता. असन काही, त सांगून टाक ना वं. आमाले काही नको. पण मनात राहते."

खिडकीतून एकही बाई "नाही" म्हणाली नाही.

जमादारानं वही मिटली. "घरी जा सगळे," तो म्हणाला. त्याले कीव जवायाची आली का माझी, ते मले कळलं नाही, पण त्याच्या आवाजात दया होती. मले त्या दयेचाही राग आला.

आरामशीनवरून जवायाचा कमरेचा तुकडा मी मागून आणला, बैलबंडीत टाकून. करदोडा त्यावर जसाच्या तसा, चार बोटं रुंद. घरचे तोपर्यंत लेकीकडून आले होते. त्यांनी तुकड्यावरून हात फिरवला अन् इतकंच म्हणाले, "करदोडा आहे. कंबर नाही."

"म्हणजे?"

"हा किती उंचीवर होता, ते महत्त्वाचं."

"तुमाले ठाऊक आहे ना? तीस वर्षं धोतर नेसवलं तुमी."

त्यांनी मान डोलावली. पाणी करदोड्याले असलं की जवायाच्या पायाशी उभं राहिल्यावर ते त्यांच्या खालच्या ओठाले लागायचं. त्यांच्या बापाच्या हनुवटीले लागायचं, बाप उंच होता. हे माप त्यांच्या अंगात होतं, कागदावर कुठं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळं गाव पाळीवर जमलं. घरचे पाण्यात उतरले, पोहत मधोमध गेले. उभं राहायले पाय खाली सोडले, अन् बुडाले. वर आले, परत पाय सोडले, परत बुडाले. दहा हात खड्डा! जिथी उभं राहून मोजायचं ती जमीनच मुरलीनं उपसून टाकली होती. तीनदा बुडाले अन् परत आले. पाळीवर बसून केसांतलं पाणी झटकलं.  दोन वर्षांनी गेले, तोपर्यंत बोडीविषयी परत बोलले नाहीत.

त्या साली तुडूम बंद करायचं कधी, यावरून पहिल्यांदा काठ्या निघाल्या. वरच्या शेतांवाले म्हणत, अजून आहे पाणी. खालच्या शेतांवाले म्हणत, संपलं. दोघंही खरं बोलत होते. वैशाखात तळ फाटला अन् मरळ माशांचं बियाणं चिखलात तडफडून मेलं. कावळे आठ दिवस जेवले.

अन् गावानं काय केलं म्हणता? गावानं खोदलं. जवायाखाली नाही त दुसरीकडे असन! मालगुजारीणीच्या आंघोळीच्या घाटाले पायऱ्या होत्या सतरा, एकसारख्या काळ्या दगडाच्या. मी कधीतरी सांगितलं होतं की नववी पायरी पोकळ आहे, पाय दिला की वाजते. सतराच्या सतरा उपटल्या. वाघोबाचा चौथरा होता पाळीच्या टोकाले, तिथी मी एका थापेत वाघाचं लग्न लावलं होतं कधी, तो फोडला. तुडुमाची दगडी चौकट होती, हत्तीसारखी, तिच्यात मी काही ठेवलं होतं का ते मलेही आठवत नाही, पण त्यांले आठवलं. जिथी जिथी माझी गोष्ट होती, तिथी तिथी कुदळ चालली. मी दारोदार गेली. पायरीजवळ आडवी झाली. "काही नाही वं त्याच्यात, मी बनवलं, माझ्या जिभेले हाड नाही!" लोक म्हणत, "मोठीमाय, सरका." अन् असे प्रेमानं सरकवत, की जसं काही मी त्यांच्या आड येऊन राहिली.

आता तुमी साजाटोल्याले आले त पाळीवर एक पाटी दिसन. कोण्या तरी ऑफिसानं लावली. माझ्या नातसुनेनं वाचून दाखवली. "येथे मालगुजारीणीचे दागिने पुरल्याची आख्यायिका आहे." जवायाचं नाव नाही, करदोड्याचं नाही, माझ्या घरच्यांचं नाही. मी त्या पाटीवर शेणाचा गोळा मारला. नातसून म्हणते, म्हातारी चळली.

मुरली आता शेजारीच राहते. सरपंची गेली, बायको गेली, मुलगा नागपुरात. साठीचा झाला, पण माझ्यापुढं लहानच. संध्याकाळी माझ्याकडे जेवायले येते. भांडण कधी मिटलं ते मले आठवत नाही. मिटलं नसनही. पोट्ट्यानं उपाशी झोपायचं का मग?

परवा पाळीवर बसलो होतो आमी, ताट घेऊन. समोर बोडीत माघातच गवत उगवलं होतं, म्हशी चरत होत्या. मी करदोड्याचा तुकडा सोबत नेते बसायले, पाटासारखा.

"मोठीमाय," तो म्हणाला, "आता आपण दोघंच आहो."

"हो."

"आता त सांग."

मी ताट त्याच्यापुढं आदळलं. ऐंशीच्या वर वय झालं माझं. आयुष्यभर मी थापा मारल्या अन् लोकांनी त्या पदरात बांधून नेल्या. एक खरी गोष्ट सांगितली, वीस-बावीस वर्षं सांगत आली, ठाण्यात सांगितली, पायरीवर झोपून सांगितली, ती कोणी घेतली नाही.

"मुरल्या, नवऱ्याची शपथ घेते. पाटल्या नव्हत्या. काहीच नव्हतं. तू जेवत नव्हता म्हणून..."

तो हसला. दात पडलेल्या तोंडानं, अगदी खूश होऊन, जसं काही मी एखादी नवीन गोष्ट सुरू केली.

"बरं बरं," तो म्हणाला. "हा पाटल्यांचा." अन् त्यानं घास तोंडात टाकला.